इंतागचा नकार

इक्वाडोरच्या वायव्येला, अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारावर इंताग नावाचे खोरे आहे. या खोऱ्यातल्या डोंगरांखाली तांबे आहे, आणि ते काढण्यासाठी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तीन कंपन्या तिथे येऊन गेल्या. पहिली जपानी, दुसरी कॅनडाची आणि तिसरी चिलीची सरकारी कंपनी. तरीही तिथे आजवर खाण सुरू झालेली नाही. साऱ्या जगाला तांबे हवे असताना काही हजार शेतकऱ्यांनी हे कसे साधले, याची हकिकत पुढील पानांत आहे. ती वाचण्यापूर्वी तिथला डोंगर, तिथली माणसे आणि त्यांच्यापुढचा पेच वाचकाला माहीत असावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

इंतागचे जंगल हे मेघवन आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग अँडीजच्या उतारांना अडतात आणि झाडांमधून वाट काढत वर सरकतात. फांदी न् फांदी शेवाळ, नेचे आणि ऑर्किडांनी लगडलेली असते. त्यांच्यावर धुक्याचे पाणी होते आणि ते टिपटिपत जमिनीत मुरते. पाऊस नसतो त्या दिवसांतही इथले ओढे वाहतात ते यामुळेच. आषाढातली आंबोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणणे अवघड जाणार नाही. झाडे तुटली तर ढग डोंगरावरून तसेच निघून जातील आणि ओढे आटतील, हे इंतागच्या शेतकऱ्याला पुस्तकात वाचावे लागत नाही. पश्चिम इक्वाडोरमधल्या मूळ जंगलाचा फारच थोडा भाग आता उरला आहे. बाकीचा केळीच्या बागा, तेलताडाचे मळे आणि गुरांची कुरणे यांत गेला. जगात जैवविविधतेने सर्वांत समृद्ध आणि त्याच वेळी सर्वांत संकटात असलेले म्हणून जे प्रदेश ओळखले जातात, त्यांपैकी उष्णकटिबंधीय अँडीज आणि चोको हे दोन प्रदेश या खोऱ्यात एकमेकांना भिडतात. चष्मेवाले अस्वल आणि तपकिरी डोक्याचे कोळी-माकड यांना राहायला अशा मोजक्याच जागा राहिल्या आहेत. जैवविविधतेने समृद्ध पण संकटातल्या प्रदेशांच्या त्या यादीत आपला पश्चिम घाटही आहे.

माणसांविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जंगल म्हटले की त्यात अनादी काळापासून राहणारे आदिवासी, असे चित्र आपल्या मनात असते. इंतागचे बहुतेक रहिवासी तसे नाहीत. ते मिश्रवंशीय शेतकरी आहेत, काही आफ्रिकी वंशाचे आहेत. त्यांचे आजे-पणजे जमिनीच्या शोधात या खोऱ्यात आले आणि जंगल तोडूनच त्यांनी शेती केली. खोरे ज्या कोताकाची तालुक्यात येते, त्याच्या वरच्या अंगाला मात्र किचवा आदिवासींची गावे आहेत. या दोन्ही समाजांनी पुढे हातात हात घेतला. जंगल वाचवण्याची बुद्धी विशिष्ट रक्तातूनच येते असे नाही, ती पाण्याशी रोज संबंध आल्यानेही येते, हे इंतागने दाखवले. म्हणूनच ही कहाणी आदिवासी नसलेल्या वाचकालाही लागू पडते.

आता तांब्याविषयी. हुनीन या गावाजवळच्या डोंगरात तांब्याची शीर सापडावी आणि ती खणून काढावी, असा हा प्रकार नाही. इथले तांबे खडकात विखुरलेले आहे. अशा साठ्यांत शंभर किलो खडकातून एक किलोहूनही कमी तांबे मिळते. म्हणजे टनभर तांब्यासाठी शंभर टनांहून जास्त खडक फोडायचा, दळायचा, रसायनांनी त्यातला धातू वेगळा करायचा आणि उरलेला ओला गाळ बांध घालून कायमचा साठवायचा. खाण संपते, कंपनी निघून जाते, गाळ मात्र तिथेच राहतो. इंतागचे उतार तीव्र आहेत, पाऊस धो धो पडतो आणि सारा प्रदेश भूकंपाच्या पट्ट्यात आहे. अशा ठिकाणी गाळाचा बांध पिढ्यान् पिढ्या टिकेल, याची हमी कोण देणार?

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मित्सुबिशी समूहातली बिशिमेटल्स ही कंपनी जपान सरकारच्या संस्थांच्या साहाय्याने इथे शोधकाम करू लागली. 1996 मध्ये जपानी बाजूनेच केलेल्या पर्यावरण-अभ्यासात खाणीचे परिणाम लिहिलेले होते: मोठ्या प्रमाणावर जंगलतोड होईल, त्यामुळे स्थानिक हवामान कोरडे पडत जाईल, नद्यांत शिसे, आर्सेनिक, कॅडमियम आणि क्रोमियम उतरेल, चार वस्त्यांतली शंभर कुटुंबे उठवावी लागतील. हे शब्द आंदोलकांचे नव्हते. पण ते गावकऱ्यांपर्यंत पोहोचले, कारण तोवर त्यांच्यापर्यंत कागद पोहोचवणारी माणसे तयार झाली होती. 1995 मध्ये स्थानिक शेतकऱ्यांनी, कार्लोस सोरिया आणि गार्सिया मोरेनो या गावचे धर्मगुरू जिओवानी पास यांच्यासारख्या कार्यकर्त्यांसह, देकोइन ही संघटना उभी केली होती. तिने हा अभ्यास साध्या भाषेत गावोगाव समजावून सांगितला. इंतागच्या लढ्याची सुरुवात घोषणेने झाली नाही, एका अहवालाच्या वाचनाने झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

सरकारने येऊन आमच्याशी बोलावे, अशी मागणी गावांनी वारंवार केली. कोणी आले नाही. मे 1997 मध्ये गावकरी हुनीनजवळच्या कंपनीच्या तळावर गेले. तिथले सामान त्यांनी बाहेर काढले, त्याची यादी केली, ते अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले आणि मग रिकाम्या तळाला आग लावली. कोणाला इजा झाली नाही. कंपनी परत गेली. आग लावणे योग्य की अयोग्य, यावर वाचकाचे मत काहीही असो. ज्यांनी आधी सामानाची यादी केली ती माणसे लुटीसाठी आली नव्हती, एवढे तरी मान्य करावे लागेल.

या विजयानंतर इंतागने जे केले, ते माझ्या मते या साऱ्या कहाणीचे मर्म आहे. विरोध करून जंगल एकदा वाचते. पण घरात रोख पैसा येत नसेल, तर पुढच्या खेपेला कंपनीचा पगार नाकारणे कठीण जाते. म्हणून 1998 मध्ये खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी कॉफी-उत्पादकांची संघटना काढली. झाडांच्या सावलीत, रसायनांशिवाय पिकवलेली त्यांची कॉफी परदेशी जाऊ लागली, आणि ती विकत घेणाऱ्यांत जपानी ग्राहकही होते. बायकांच्या गटांनी घायपातासारख्या झाडाच्या वाखापासून पिशव्या आणि टोप्या विणायला घेतल्या. हुनीनमध्ये पाहुण्यांसाठी लाकडी निवास बांधले गेले आणि गावातलेच लोक वाटाडे झाले. ओढ्यांच्या उगमाकडची जमीन विकत घेऊन ती गावाच्या राखीव वनात घातली गेली. 2000 साली खोऱ्याने स्वतःचे वर्तमानपत्रही सुरू केले.

याच काळात कोताकाचीच्या स्थानिक सत्तेत बदल झाला. 1996 मध्ये आउकी तितुआन्या हे किचवा अर्थतज्ज्ञ महापौर म्हणून निवडून आले आणि तालुक्याचे निर्णय लोकांच्या खुल्या सभेत होऊ लागले. 2000 मध्ये या तालुक्याने वटहुकूम काढून स्वतःला 'पर्यावरणीय तालुका' जाहीर केले. देशाच्या खाणकायद्यापुढे तालुक्याच्या वटहुकुमाचे बळ किती, असे कोणी विचारील. पण पुढे न्यायालयात उभे राहायची वेळ आली, तेव्हा हीच नगरपालिका लोकांच्या बाजूने अर्जदार झाली. गावची सत्ता कोणाच्या हाती आहे याने काय फरक पडतो, त्याचे हे उत्तर.

दुसरी कंपनी असेंडंट कॉपर. 2004 मध्ये खाणपट्टा तिच्या हाती गेला आणि खोऱ्यात कडवटपणा शिरला. नोकऱ्यांची आणि विकासाची आश्वासने आली, गावागावांत दोन गट पडले, कार्यकर्त्यांवर खटले दाखल झाले. भाऊ भावाशी बोलेनासा होणे, हा खाणीचा पहिला परिणाम. तो खणायला सुरुवात होण्यापूर्वीच होतो, आणि कोणत्याही पर्यावरण-अहवालात त्याची नोंद नसते. डिसेंबर 2006 मध्ये कंपनीच्या बाजूने आलेल्या सशस्त्र रखवालदारांनी रस्ता अडवून बसलेल्या गावकऱ्यांवर अश्रुधूर सोडला, गोळ्या झाडल्या. गावकरी पांगले नाहीत. पुढे त्यांनी पन्नासहून अधिक रखवालदारांना पकडले, गावच्या चर्चमध्ये ठेवले आणि सरकारी अधिकारी येईपर्यंत सांभाळले. हा सारा प्रसंग चित्रित झाला होता, त्यामुळे तो नाकारता आला नाही. 2008 मध्ये देशाच्या संविधानसभेने काढलेल्या खाण-आदेशाखाली या कंपनीचा हुनीनचा पट्टा गेला.

इथे एक कटू तपशील नोंदवायला हवा. नाव बदलून कॉपर मेसा झालेल्या याच कंपनीने इक्वाडोरविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे दाद मागितली, आणि 2016 मध्ये लवादाने तिला सुमारे दोन कोटी डॉलर भरपाई देण्याचा निवाडा दिला. हुनीनमध्ये तिने जे वर्तन केले त्यामुळे तिथल्या नुकसानीला 30 टक्के ती स्वतःच जबाबदार आहे, असे लवादाने म्हटले आणि तेवढी रक्कम कापली. उलट हुनीनच्या रहिवाशांनी कॅनडाच्या न्यायालयात भरलेला दावा मात्र सुनावणीच्या उंबरठ्यावरच फेटाळला गेला होता. जखमी झालेल्या गावाला परक्या देशात दार बंद, आणि कंपनीला भरपाईचे दार उघडे. जागतिक गुंतवणुकीचे कायदे कोणासाठी लिहिले आहेत, हे याहून स्पष्ट कसे होणार?

तिसऱ्या खेपेला सरकारच खाणमालक म्हणून आले. इक्वाडोरची सरकारी खाणकंपनी एनामी आणि तांब्याच्या उत्पादनात जगात अग्रेसर असलेली चिलीची कोडेल्को यांनी मिळून युरिमाग्वा नावाने हाच प्रकल्प पुन्हा हाती घेतला. राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी दूरचित्रवाणीवरून कार्लोस सोरिया यांच्यावर टीका केली. एप्रिल 2014 मध्ये हुनीनचे अध्यक्ष हावियेर रामिरेस यांना अटक झाली आणि दहा महिने त्यांना तुरुंगात काढावे लागले. पाठोपाठ मे महिन्यात शेकडो पोलिसांच्या बंदोबस्तात शोधपथके खोऱ्यात शिरली. आधीच्या दोन्ही खेपांना गावकऱ्यांसमोर कंपनी होती; या वेळी समोर राज्यसत्ता होती.

मग लढा न्यायालयात गेला, आणि तिथे एक अपूर्व हत्यार हाती होते. कोरेआ यांच्याच कारकिर्दीत, 2008 मध्ये, इक्वाडोरने नवी घटना स्वीकारली होती. निसर्गाला, तिथल्या लोकांच्या भाषेत पाचामामाला, स्वतःचे हक्क आहेत असे म्हणणारी ती जगातली पहिली घटना. तिच्या 71 व्या कलमाप्रमाणे कोणतीही व्यक्ती किंवा गाव निसर्गाच्या वतीने दाद मागू शकते. आपले वैयक्तिक नुकसान झाले हे सिद्ध करावे लागत नाही. प्रजाती नामशेष होण्याची किंवा परिसंस्था नष्ट होण्याची शक्यता असेल, तर तशा कामांवर शासनाने निर्बंध घालावेत, असे 73 वे कलम सांगते. शब्द उदात्त होते. ते खऱ्या खाणीसमोर टिकतात का, याची परीक्षा व्हायची होती.

ती लॉस सेद्रोसच्या प्रकरणात झाली. इंताग परिसरातल्या या संरक्षित वनाचा मोठा भाग सरकारने शोधकामासाठी देऊन टाकला होता. 2018 मध्ये कोताकाची नगरपालिका न्यायालयात गेली. 10 नोव्हेंबर 2021 रोजी देशाच्या घटना न्यायालयाने निकाल दिला: या वनातले खाणकाम निसर्गाच्या हक्कांचा, पाण्याच्या हक्काचा आणि लोकांशी विचारविनिमय करण्याच्या बंधनाचा भंग करते, शोधकामाचे परवाने रद्द, कंपनीने तिथली बांधकामे काढून न्यावीत. नुकसान होईलच असे शास्त्राने सिद्ध होईपर्यंत वाट पाहायची नाही, धोका गंभीर आणि न भरून येणारा असेल तर काम आधी थांबवायचे, हे तत्त्व न्यायालयाने ठामपणे लावले.

युरिमाग्वाविरुद्धच्या खटल्यात हुनीनच्या बाजूने एक बेडूकही उभा राहिला. लांब नाकाचा हार्लेक्विन बेडूक 1989 नंतर कोणाला दिसला नव्हता आणि नामशेष म्हणून त्याची नोंद झाली होती. 2016 मध्ये तो हुनीनच्या परिसरात, खाणीसाठी दिलेल्या भागात, जिवंत सापडला. न्यायालयातल्या युक्तिवादात त्याचा आधार घेतला गेला. खालच्या न्यायालयाचा निकाल एकदा लोकांच्या बाजूने लागला आणि वरच्या न्यायालयात उलटला, पुन्हा अर्ज झाला. अखेर मार्च 2023 मध्ये, खोरे ज्यात येते त्या इंबाबुरा प्रांताच्या न्यायालयाने युरिमाग्वाचा पर्यावरण-परवाना रद्द केला. लोकांना विचारले नाही आणि निसर्गाचे हक्क मोडले, ही दोन कारणे त्याने दिली.

इंताग एकटे नाही. अँडीजच्या दुसऱ्या, ॲमेझॉनकडच्या बाजूला सिनांगोए हे कोफान आदिवासींचे गाव आहे. आग्वारिको नदीच्या काठी सोन्यासाठी यंत्रे खणू लागल्याचे दिसताच त्यांनी स्वतःचे राखणदार पथक बांधले, ड्रोन आणि कॅमेरा-सापळे वापरून पुरावे जमवले. 2018 मध्ये न्यायालयाने तिथले 52 खाणपट्टे रद्द ठरवले, आणि 2022 मध्ये घटना न्यायालयाने आदिवासींच्या पूर्वसंमतीचा हक्क अधिक बळकट केला. त्या वर्षी ॲलेक्स लुसितांते आणि त्या पथकातली पहिली स्त्री अलेक्झांड्रा नार्वाएस यांना पर्यावरणकार्यासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. ऑगस्ट 2023 मध्ये राजधानी कीतोच्या मतदारांनी शहरालगतच्या चोको अँडिनो जंगलात खाणी नकोत, असा कौल मोठ्या बहुमताने दिला. ज्यांच्या नळाचे पाणी कुठून येते हे त्यांना माहीत आहे, ती शहरी माणसेही गावकऱ्यांसारखाच विचार करतात, असा याचा अर्थ मी लावतो.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. इक्वाडोर कर्जबाजारी देश आहे, तेलाचे उत्पन्न कायम पुरणारे नाही, आणि शाळा-दवाखान्यांना पैसा लागतो. कोळसा आणि पेट्रोल सोडायचे तर विजेच्या तारा, मोटारी, पवनचक्क्या यांसाठी तांबे लागणार. मग ते कुठून तरी काढावेच लागेल. या म्हणण्यात तथ्य आहे. पण 'कुठून तरी' म्हणजे नेहमी त्याच जागी का, जिथली माणसे संख्येने थोडी आहेत आणि राजधानीपासून लांब आहेत? जुने तांबे पुन्हा वापरण्याआधी, मोठ्या मोटारींऐवजी बस आणि रेल्वेचा विचार करण्याआधी, आपण शेवटच्या मेघवनाकडे का वळतो? हवामान वाचवण्यासाठी पाऊस धरून ठेवणारे जंगल फोडायचे, हा हिशेब मला मान्य नाही. आणि समजा तो मान्य करायचाच असेल, तर मान्य करण्याचा पहिला अधिकार त्या जंगलाच्या पाण्यावर जगणाऱ्यांचा आहे. खाण हवी की नको, यापेक्षाही ते ठरवणार कोण, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. लोहखनिजाच्या खाणींनी गोव्याच्या भातशेतांत लाल गाळ आणला. गोवा फाउंडेशनसारख्या संघटना वर्षानुवर्षे न्यायालयात झगडल्या, ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले खाणकाम थांबवले आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. सिंधुदुर्गात सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या अनेक ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले, आणि पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल ग्रामसभांपुढे ठेवावा हा गाडगीळांचा आग्रह होता. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी 2013 मध्ये बॉक्साइटची खाण एकमुखाने नाकारली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा हुनीनमध्येही कळली असती. आपल्याकडे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आहे, 2006 चा वनहक्क कायदा आहे. निसर्गाचे हक्क आपल्या घटनेत लिहिलेले नाहीत, पण गावाला विचारा हे आपल्या कायद्यांत लिहिलेले आहे. उणीव आहे ती ते पाळायला लावण्याची.

इंतागची कहाणी संपलेली नाही, हेही स्पष्ट सांगतो. तांबे अजून जमिनीतच आहे, त्याची किंमतही आहे. 2025 मध्ये इक्वाडोर सरकारने पर्यावरण मंत्रालय ऊर्जा आणि खाण मंत्रालयात विलीन केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी घटना लिहिण्यासाठी संविधानसभा बोलावण्याचा प्रस्ताव जनमताला टाकला गेला. मतदारांनी तो फेटाळला, म्हणून निसर्गाचे हक्क तूर्त शाबूत आहेत. एका पिढीने दिलेला नकार पुढच्या पिढीला पुन्हा द्यावा लागतो, आणि त्यासाठी अहवाल वाचणारे लोक, पोटाला आधार देणारे धंदे, आपली नगरपालिका आणि कायद्याची जाण, या साऱ्यांची निगा राखावी लागते. इंतागने ती तीस वर्षे राखली.

वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. हे पुस्तक दूरदेशीच्या शूर माणसांची गोष्ट म्हणून वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या तालुक्यात खाण येत असेल, तर पर्यावरण-अहवालाचा मराठी सारांश मागा. तो मिळणे हा तुमचा हक्क आहे. तो ग्रामसभेत मोठ्याने वाचा, जनसुनावणीला जा, तुमचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. आणि तुम्ही शहरात राहत असाल, तर तुमच्या नळाला येणारे पाणी कोणत्या डोंगरातून निघते ते शोधून काढा आणि त्या डोंगरातल्या गावांच्या पाठीशी उभे राहा.